शेजारचे काका आणि उड्या मारणारे मुडदे

भुताखेतांना इतका जीव लावणारा माणूस अख्ख्या रायपुरात दुसरा नाही. असलाच तर तो स्वतःच भूत असेल. बूढापाऱ्यात आमच्या शेजारी राहणारे हे काका रेल्वेतून निवृत्त झाले ते कमरेचं दुखणं आणि कधीतरी कलकत्त्याहून आणलेली, हाँगकाँगच्या एका जुन्या सिनेमाची सीडी घेऊन. त्यात दरबारी झगे घातलेले मुडदे दोन्ही हात पुढे करून टुणटुण उड्या मारत येतात. कपाळावर मंतरलेला पिवळा कागद चिकटवला की जागीच थिजतात, आणि आपण श्वास रोखला तर त्यांना आपण सापडतच नाही. एवढं शास्त्र काकांना जन्मभर पुरलं. त्यांच्या बिघडलेल्या कूलरच्या कपाळावर पिवळी चिठ्ठी असते. वर्गणीवाले आले की काका दाराआड श्वास रोखून उभे राहतात, मग खोकला येतो आणि पकडले जातात. मुडद्यांवर उतारा म्हणून उंबऱ्यावर टाकायला चिकट तांदूळ हवा, म्हणून एकदा तात्यापाऱ्यातल्या दुकानात गेले. दुकानदार भांडायलाच उठला. "काकाजी, मेरा चावल चिपकता है, ये किसने बोल दिया आपको?"

मी यादी करून कामं उरकणारी बाई. काकू गेल्यावर रविवारच्या यादीत काकांचा डबा घातला. डबा द्यायचा, औषधं बघायची, निघायचं. पण काका सिनेमा लावूनच बसलेले असत. "बस ना पोरी, काहून घाई करून राहिली? मुडदे आत्ताच उठले." सिनेमा चिनी बोलीत, खाली अक्षरं नाहीत. काका सगळ्यांचे संवाद स्वतःच म्हणत, तेही वऱ्हाडीत. सिनेमातले भूत पकडणारे गुरुजी चेल्याला झापायचे, "अबे पोट्ट्या, तुले कागद चिकटवता येत नाही, अन् निघाला भूत पकडाले!" मुडदासुद्धा कुरकुरायचा, "मले गुडघ्यात वाकता येत नाही, गुरुजी." मी पदर तोंडाला लावून हसत बसे, यादीतली पुढची कामं तशीच राहत.

फक्त लांब केसांची भुतीण आली की काका गप्प. तिचे ओठ हलत राहत आणि घर एकदम मोठं वाटू लागे. मला वाटायचं, बायकी आवाज काढायला लाजत असतील. एका रविवारी विचारलंच.

"ते काम तुझ्या काकूचं," काका म्हणाले. "दर वेळी नवंच काहीतरी बोले. मले कुठं माहीत, आज काय बोलली असती." मग रिमोट हातात घेतला. "बंदच करतो आता हे. हा एकट्या माणसाचा सिनेमा नाही."

पडद्यावर भुतीण आलीच होती. मला नक्कल येत नाही, शाळेच्या नाटकातही मी पडदाच ओढला होता. तरी तोंडातून निघून गेलं, "काहो गुरुजी, जेवले का?"

काकांचा हात थांबला. रिमोट खाली ठेवून ते गुरुजींच्या जाड आवाजात म्हणाले, "नाही. डबा आणला काय?"

"आणला. वांग्याची भाजी आहे."

"तुझी काकू हिचं नाकातून बोले," काका त्यांच्या साध्या आवाजात म्हणाले आणि टीव्हीकडे बघत राहिले. मुडदे उड्या मारत पडद्यावरून निघून गेले. तरी काकांनी रोखलेला श्वास सोडला नव्हता. मग मीही रोखून धरला.