दाजींच्या फोटोत माणूस नसतो

माणसांचे फोटो काढायला बोलवावं आणि त्यानं माणसं सोडून बाकी सगळ्याचे फोटो काढून द्यावेत, असा गृहस्थ अख्ख्या पिंपरी-चिंचवडात एकच असेल, आणि नेमका तोच आमच्या ताईला नवरा म्हणून मिळाला. दाजी चाकणला एका कारखान्यात गाड्यांचे पत्रे तपासतात. उजेड तिरका पाडला की पत्र्यावरचा बारीकसा पोचाही दिसतो, हे ते तिथं शिकले. इथवर ठीक होतं. पण कॅमेरा घेतल्यावर तोच तिरका उजेड ते नातेवाइकांवर पाडायला लागले. आमच्या थेरगावच्या घराच्या वास्तुशांतीला त्यांनी मावशीला खिडकीशी तिरकं उभं करून असा फोटो काढला, की पंचावन्न वर्षांची बाई सत्तरीची दिसायला लागली. मावशी रुसली. दाजी शांतपणे म्हणाले, "समोरून फ्लॅश मारला की भावना सपाट होते." मावशी म्हणाली, "होऊ द्या की सपाट. निदान चेहरा तरी बरा येईल."

प्रतीकांचं खूळ तर विचारूच नका. माझ्या साखरपुड्याच्या फोटोंत दाराबाहेरच्या चपला सोळा वेळा आहेत आणि मी तीन वेळा, त्यातही पाठमोरा. चपला म्हणजे म्हणे प्रवास, आणि रिकामी खुर्ची म्हणजे विरह. "दाजी, साखरपुड्यात विरह कशाला?" असं मी विचारलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडे नापास झालेल्या पत्र्याकडे बघावं तसं बघितलं. शिवाय फोटो क्रमानंच बघायचे. कुणी मधलाच उचलला तर ते तो हातातून काढून घेत आणि पहिल्यापासून दाखवायला बसत.

अशा माणसाला बाबांच्या रिटायरमेंटचे फोटो काढायला सांगणं हा शुद्ध वेडेपणा होता, आणि तो मीच केला. चौतीस वर्षं एकाच कंपनीत काढलेल्या बाबांना एकच फोटो हवा होता: साहेब शाल घालताहेत, हातात नारळ आहे. तो गावाकडे भावांना पाठवायचा होता. कंपनीनं खास परवानगी दिली, दाजी दिवसभर आत होते, आणि आठवड्यानं बारा फोटोंचं पाकीट घेऊन आले. शाल कुठंच नव्हती.

"जावईबापू, साहेब शाल घालत होते तेव्हा तुम्ही कुठं होता?"

"कँटीनमागं. तिथं उजेड फार सुंदर होता."

जावयावर ओरडता येत नाही, म्हणून बाबा माझ्यावर ओरडले. दिवस गेला तो गेला, पुन्हा काही रिटायर होता येत नाही, असं म्हणून त्यांनी पाकीट कपाटावर टाकलं. पुढं दोन महिने दाजी आले की बाबा भाजी आणायला बाहेर पडत. ताई येऊन आईपाशी रडायची.

मग एका दुपारी आईनं पाकीट खाली काढलं आणि पाठीमागचे नंबर बघून फोटो फरशीवर ओळीनं मांडले. सकाळच्या कोवळ्या उन्हातलं गेट. अंधाऱ्या खोलीतलं लॉकर. हात लागून लागून एका जागी चकाकणारी मशीनची मूठ. पाचव्या फोटोत एका शेडच्या झरोक्यातून ऊन उतरलं होतं आणि खालच्या बाकावर बाबांचा डबा उघडा होता. आई तिथं थांबली आणि खुर्चीत पेपर वाचत बसलेल्या बाबांना तिनं विचारलं,

"हा बाक कुठला हो?"

"माझा. जेवायचा."

"कँटीनमध्ये नव्हता बसत?"

"कँटीनमागं वारा यायचा."

"एकटेच?"

"शेजारच्या मशीनवरचा देशमाने होता, तोवर दोघं. नंतर एकटाच."

आईनं तो डबा रोज भरला होता. तो कुठं उघडला जातो, हे ती पहिल्यांदाच बघत होती. "कधी बोलला नाहीत," ती म्हणाली. "तू कधी विचारलं नाहीस," बाबा म्हणाले, आणि गुडघ्यावर हात टेकून तिच्याशेजारी खाली बसले. मग ते सांगत राहिले. आई एकेका फोटोवर बोट ठेवून विचारत राहिली. चहाची वेळ टळून गेली तरी दोघं उठले नाहीत.

बऱ्याच वेळानं बाबांनी मला हाक मारली. "जावईबापूंना रविवारी जेवायला बोलव," ते म्हणाले, आणि पुन्हा आईकडे वळले. ती सातव्या फोटोतल्या झाडाबद्दल विचारत होती.