चाललेलं आणि खाल्लेलं

डॉक्टरांनी मला दहा किलो उतरवायला सांगितलं, तेव्हा त्यांच्या आवाजात ना राग होता ना काळजी. रक्तगट जुळतोय, बाकीच्या तपासण्या ठीक आहेत, किडनी देता येईल. पण या वजनावर शस्त्रक्रिया केली तर धोका तुम्हाला, आणि पुढे एका किडनीवर आयुष्य काढायचं ते वेगळंच. दहा किलो कमी करून या, मग तारीख ठरवू. शेजारच्या खुर्चीत माझी थोरली बहीण बसली होती. तिच्या दोन्ही किडन्या जवळजवळ बंद पडल्या होत्या आणि ती आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जात होती. बाहेर येऊन रिक्षात बसताना ती म्हणाली, "बघ बाबा, माझी किडनी सध्या तुझ्या चरबीत लोळतेय. लवकर बाहेर काढ तिला."

मी हसलो. ताई असं काही बोलली की हसायचंच असतं, नाहीतर ती चिडते.

डायलिसिसची सोय नाशकात बरी म्हणून ती सासरहून आमच्याकडेच येऊन राहिली होती. दाजींना साखरेचा आजार, त्यामुळे ते बाद. वडील आता नाहीत, आई वयानं बाद. उरलो मी. माझ्या बायकोनं दोन दिवस विचार केला आणि हो म्हणाली. ती शिक्षिका, तिची शाळा सकाळची, त्यामुळे घरातला सकाळचा स्वयंपाक आईच्या हातात होता. हे सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्या स्वयंपाकघरातच घडलं.

मी विमा कंपनीच्या कार्यालयात खुर्चीवर बसून पोट वाढवलेला माणूस. फिरायला जायचं ठरवलं तसं आधी मनगटावर बांधायचं घड्याळ घेतलं, कारण आमच्या पिढीला वस्तू विकत घेतल्याशिवाय कुठलाही निश्चय खरा वाटत नाही. घरापासून मखमलाबाद रस्त्यानं हनुमानवाडीकडे, तिथून पूल ओलांडून गंगापूर रोडला आणि परत. घरी आलो की घड्याळ सांगायचं, आज इतक्या कॅलरी जाळल्या. तो आकडा बघून मला गुदगुल्या व्हायच्या. आणि लगेच मनात यायचं, एवढ्या जाळल्यात, तर तेवढं खायला हरकत काय? वजाबाकी सरळ दिसत होती. जेवढं चाललो तेवढं माझ्या हक्काचं.

खरं तर आमच्या घरात या प्रश्नाचं उत्तर माझ्या जन्माआधीच देऊन ठेवलेलं होतं. घरामागे आमचा मळा. आता थोडाच उरलाय आणि वाट्यानं दिलाय, पण मी लहान होतो तेव्हा शेवंती, मेथी, कोथिंबीर, वांगी, सगळं निघायचं. मळ्यातून माणूस घरात आला की त्याला आधी काहीही विचारायचं नाही, हा आमच्याकडचा नियम. पाय धुवायला पाणी द्यायचं आणि ताट वाढायचं. निरोप, भांडण, दुखणंखुपणं, सगळं त्याच्या पोटात अर्धी भाकरी गेल्यावर. वडील पहाटे मार्केटला माल टाकून यायचे, तेव्हा आईनं दारात कधी भाव विचारलेला मला आठवत नाही. घाम आला म्हणजे भूक लागली, भूक लागली म्हणजे वाढायचं.

त्यामुळे मी घामाघूम होऊन दारात आलो की आईच्या लेखी मी मळ्यातूनच आलेलो असायचो. पहिल्या दिवशी तिनं विचारलं, "कुठं गेलता?"

"फिरायला."

"आन आणलं काय?"

"काही नाही. नुसतं फिरून आलो."

तिला ते पटलं नाही. जाऊन रिकाम्या हातानं परत तिथंच यायचं, यात तिला काही अर्थ दिसेना. पण घाम खरा होता. तिनं बाजरीची भाकरी, मेथीची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी वाढली, आणि घड्याळाचा कौल होताच, म्हणून मी बिनदिक्कत खाल्लं.

रविवारी तर विचारायलाच नको. कार्यालयातली चार मंडळी पांडवलेणी चढायला जायची, मीही जाऊ लागलो. नाशकात डोंगर चढायचा तो मिसळ खायलाच, हे इथल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. आम्ही धापा टाकत वर जायचो, गार वाऱ्यात पाच मिनिटं उभं राहून तब्येतीवर गप्पा मारायचो, आणि खाली उतरून तर्रीवर तुटून पडायचो. सोबत पापड, दही आणि शेवटी जिलबी. आज चढलोय ना, मग चालतं, असं प्रत्येकजण दुसऱ्याला सांगायचा.

महिना उलटला आणि काटा पाऊण किलोनं वर गेला.

दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी सगळं ऐकून घेतलं. वयानं लहान, पण तोंडानं फटकळ. "चालून आल्यावर चालल्याबद्दल वेगळं खाता?" त्यांनी विचारलं. मी घड्याळ पुढे केलं. त्या म्हणाल्या, "हे अंदाज सांगतं, आणि बहुतेक वेळा तुम्हाला खूश करणाराच सांगतं. जाळलेलं आपण वाढवून मोजतो आणि खाल्लेलं कमी करून. तुम्हाला जे खाणं लिहून दिलंय, त्यात तुमचं चालणं धरलेलंच आहे. परत वेगळं नको."

मी घरी येऊन घड्याळ कपाटात टाकलं आणि दुसऱ्या टोकाला गेलो. स्वभाव. वेगळं खायचं नाही म्हणजे खायचंच नाही, असा अर्थ मी काढला. चालणं दुप्पट केलं, न्याहारी बंद केली, दुपारी डब्यातली एक पोळी शिपायाला देऊ लागलो. आठवड्याभरात कार्यालयाचा जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी कठड्याला धरून खाली बसलो. डॉक्टरांना कळलं तेव्हा मात्र त्यांच्या आवाजात राग होता. "मला बारीक दाता नकोय, धडधाकट हवाय. असे अर्धमेले होऊन आलात तर आणखी थांबावं लागेल." म्हणजे खाल्लं तरी ताईचं ऑपरेशन लांबणार आणि नाही खाल्लं तरी लांबणार. त्या दिवशी मला स्वतःच्या शरीराचा मनापासून वैताग आला.

ताईनं तर माझी खरडपट्टीच काढली. "तू उपाशी राहिलास म्हणून मला बरं वाटणार आहे का?" ती म्हणाली, आणि वाटीतला बर्फाचा खडा तोंडात टाकला. तिला दिवसाचं पाणी मोजून होतं. तहान लागली की ती बर्फ चघळत बसायची. तिच्यासाठी पालेभाजी उकळून क्षार उतरलेलं पाणी टाकून द्यावं लागायचं, टोमॅटो बंद, केळं बंद, चटणी बंद. जन्मभर भाजी पिकवलेल्या माझ्या आईला ते हिरवं पाणी मोरीत ओतताना मी पाहिलंय. ती तोंड फिरवून ओतायची. घरात दोन लेकरं, एकाला प्यायची बंदी, दुसऱ्याला खायची, आणि आई हातात पळी घेऊन उभी. तिचं काय होत असेल याचा मी तेव्हा विचार केला नाही.

पुढे आहारतज्ज्ञ बाईंनी मधला रस्ता काढून दिला. चालून आल्यावर पाणी प्या, अंघोळ करा, थोडं थांबा. तरीही भूक असेल तर खरी भूक आहे असं समजा, मग मूठभर मोड आलेले मूग किंवा साधं ताक घ्या. कधी मळ्यात जाऊन कुदळ मारलीच, तर त्या दिवशी अर्धी भाकरी जास्त घ्या. मला हे पटलं, कारण त्यात कुठला आकडा नव्हता. मी चालताना त्यावर विचार करत राहायचो. वडिलांची भूक कामाच्या मागून यायची, माझी आकड्याच्या मागून येत होती. वडील ताटावर बसले की ताटाकडेही बघत नसत, खाऊन उठून जात. मी मात्र खाण्याआधी मला ते मिळायला हवं की नको, यावर स्वतःशीच वकिली करायचो. शरीराला आपण काही देणं लागतो आणि ते त्याच दिवशी चुकतं केलंच पाहिजे, हे माझ्या डोक्यात फार खोल बसलेलं होतं.

वजन उतरायला लागलं. दोन किलो गेलं, आणि मग अडकलं. मी सांगितल्याप्रमाणे खात होतो, एक भाकरी म्हणजे एकच, ताक म्हणजे ताकच. तरी काटा हलेना. दवाखान्यात गेलो की डॉक्टर कागद बघून म्हणायचे, अजून नाही. ताई परतीच्या वाटेवर रिक्षात पाय वर घेऊन बसायची. तिचे पाय सुजायला लागले होते. तिचे विनोदही कमी झाले होते, आणि मला त्याची जास्त भीती वाटायची.

थंडीचे दिवस होते. एका सकाळी पुलावर इतकं धुकं होतं की समोरचा माणूस दिसेना, म्हणून मी अर्ध्या वाटेवरून परत फिरलो आणि मागच्या दारानं आत आलो. आई ओट्याशी होती. तव्यावरून उतरवलेली भाकरी तिनं ताटलीत घेतली, कडेनं बोट घालून वरचा पापुद्रा सोडवला, आत लोण्याचा गोळा सरकवला, बोटानं पसरला आणि पापुद्रा परत दाबून बसवला. वर चिमूटभर कोरडं पीठ भुरभुरवलं. मग ताकाच्या भांड्यात दोन चमचे साय टाकून रवी फिरवायला लागली. मला इतके दिवस वाटत होतं, भुकेमुळे भाकरी गोड लागतेय.

"आई, हे काय करतेस?"

ती दचकली नाही. बोट पदराला पुसलं. "लोणी लावते. दिसतंय की."

"माझ्या भाकरीला?"

"मंग कोणाच्या? तिला तं चालत नाय."

"कधीपासून?"

"तुझं वजन उतराया लागलं तव्हापासून."

मला राग आला. खोटं कशाला सांगू, फार राग आला. मी धुक्यात घाम गाळायचा आणि हिनं तो त्याच सकाळी परत माझ्या अंगावर चढवायचा. "ताईसाठी वजन उतरवतोय मी! तुला माहीत नाही का?" मी ओरडलो.

"ठाऊक हाय." तिनं गॅस बंद केला. "तू लय दमून येतो," असं म्हणून पाहिलं. पण ते तिचं तिलाच पुरलं नाही. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "वजन नाय उतरलं तं डाक्टरच नाय म्हनंल. मला म्हनावं लागनार नाय."

"काय म्हणावं लागणार नाही?"

"नको देऊ म्हनून." तिनं ताकाचं भांडं बाजूला सारलं. "कोण्या तोंडानं म्हनू? ती बी माझीच हाय. एक लेकरू त्या मशिनीला बांधलेलं हाय. दुसरं धडधाकट हाय, त्याला मी सोताहून कापायला धाडू?"

मी काही बोलणार, तेवढ्यात लक्षात आलं की दारात ताई उभी आहे. गोळ्या घ्यायला आली होती, हातात रिकामी वाटी. तिनं सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता हे घर दुभंगणार. मुलगा आणि मुलगी, आणि आईनं कुणाला झाकलं ते उघड झालेलं. ताई सावकाश आत आली आणि आईजवळ स्टुलावर बसली.

"मला दोन मुलं असती ना आई," ती म्हणाली, "आणि एकाचं काढून दुसऱ्याला द्यायचं असतं, तर मी पण लोणीच लावलं असतं."

आई रडायला लागली. ताईनं तिचा हात धरला. "पण आता नको लावूस. मला जगायचंय गं."

इतक्या महिन्यांत ताई हे एकदाही म्हणाली नव्हती. सगळ्यांना हसवण्यात तिनं ते कुठंतरी ठेवून दिलं होतं. आईनं डोळे पुसले, माझ्यासाठी केलेली ती भाकरी उचलली आणि ओट्याशी उभी राहून स्वतःच खाऊन टाकली, रडत रडत. मग तिनं परातीत नवीन पीठ घेतलं.

त्यानंतर वजन उतरलं. वेळ लागला, पण उतरलं. माझी भाकरी आई आता माझ्यासमोर थापायची, आणि मी आणखी मागितली तर तीच म्हणायची, "आज मळ्यात नाय गेला तू." तारीख ठरली. आदल्या दिवशी ती देवळात गेली नाही, फक्त मेथी निवडत बसली.

शुद्धीवर आलो तेव्हा कुशीत जळजळत होतं. बायको शेजारी होती. ताईला लघवी सुरू झाली, नवी किडनी चालतेय, हे तिनं आधी सांगितलं. मी डोळे मिटून घेतले. थोड्या वेळानं आईचं विचारलं.

बायको म्हणाली, ताईच्या खोलीत अजून कुणाला सोडत नाहीत, आणि तुमच्याकडे यायला आई तयार नाहीत. नर्सनं दोनदा सांगून पाहिलं. बाहेर वळणावर खुर्ची मागून घेतलीय, म्हणतात, हितून दोघांचीबी दारं दिसत्यात.

"काही खाल्लं का तिनं?"

"डबा दिला होता. परत दिला. म्हणाल्या, दोघं जेवली की मंग."