सरांच्या घरचा पासवर्ड

सुताराच्या दुकानात भुसा साठतो, तसे आमच्या दुकानात किस्से साठतात. भिवंडीत मी आणि सलीमभाई लोकांच्या घरी स्मार्ट दिवे बसवतो. म्हणजे वायफायवर, मोबाईलवरून चालणारे. बसवायला एक दिवस, मग वर्षभर तक्रारी! सगळ्यांवर सलीमभाईचं एकच औषध, "रीसेट मारो!" बहुतेक वेळा गुणही येतो.

म्हणून टेमघरचे सर दुकानात येऊन "रीसेट सोडून काहीही करा" म्हणाले, तेव्हा आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो.

सर रिटायर्ड शिक्षक. दिवा लावायचा आणि विसरायचा, ही त्यांची जन्माची खोड. शेवटी कंटाळून त्यांच्या पत्नीने, म्हणजे बाईंनी, प्रत्येक दिव्याच्या वेळा ॲपमधून लावून टाकल्या. सकाळी सहाला स्वयंपाकघर चालू. दुपारी दोनला वाचायची खोली बंद, कारण तेव्हा सरांचा पुस्तकावरच डोळा लागतो. दोन महिन्यांपूर्वी बाई गेल्या. आता राउटर जळला, सरांनी नवा आणला, तर एकही दिवा त्याला जोडला जाईना. आणि वायफाय नसलं की दिव्याला किती वाजले तेच कळत नाही.

"रीसेट केलं तर तिच्या वेळा पुसल्या जातील," सर म्हणाले. "तेवढंच तिचं चालू आहे घरात."

उपाय एकच होता. नव्या राउटरला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड दिला, की दिवे आपणहून जोडले जातात. नाव सरांना ठाऊक होतं, पासवर्ड फक्त बाईंना. बाईंचा मोबाईल केव्हाच बंद पडलेला आणि सरांकडे बटणांचा फोन.

"शोधा सर," मी म्हटलं. "कुठंतरी लिहिला असेल."

* * *

त्याच आठवड्यात दिघाशीच्या तात्यांचा फोन. नवा बंगला, बावीस दिवे, एकही ऐकेना. जाऊन बघतो तर राउटर लोखंडी कपाटात, कुलपात!

"तात्या, लोखंडातून वायफाय नीट येत नाही."

"आन् भायेर ठेवला न् कोनी नेला मंग?"

"मग निदान दार तरी उघडं ठेवा."

चार दिवसांनी पुन्हा तिकडे गेलो. बंगला झगमगत होता आणि तात्या उघड्या कपाटासमोर खुर्ची टाकून पहाऱ्याला बसले होते!

* * *

खारबावला एका घरी रोज दिवे 'ऑफलाइन'. तीन फेऱ्या फुकट गेल्या. चौथ्या फेरीला कळलं, खोलीतून निघताना आजी भिंतीवरचं बटण बंद करतात.

"आजी, बटण बंद केलं की दिवा मरतो."

"मंग? म्हनूनशान तर करतंय!"

सलीमभाई हात जोडून बाहेर आला.

* * *

सलीमभाईच्या स्वतःच्या घरचा दिवा महिनाभर बंद होता. आज बघतो, उद्या बघतो. एक दिवस दुकानात एका बाईंची तक्रार आली, ती मी लिहून घेतली. सलीमभाई बॅग घेऊन निघाला, पत्ता वाचला आणि दारातच थबकला.

"अरे, ये तो अपनीच बिल्डिंग है!"

भाभींनी माहेरचं आडनाव सांगून कंप्लेंट नोंदवली होती.

* * *

नवव्या दिवशी आम्हीच टेमघरला गेलो. सरांनी डायऱ्या, कॅलेंडरं, मसाल्याच्या डब्यांची झाकणंसुद्धा तपासली होती. बाईंचं माहेरचं नाव, मुलीचं नाव, लग्नाची तारीख, सगळं आम्ही राउटरमध्ये घालून पाहिलं. एकही दिवा जोडला गेला नाही.

"करा मग रीसेट," सर म्हणाले. मला फार वाईट वाटलं.

आणि सलीमभाईने आयुष्यात पहिल्यांदा रीसेटला नको म्हटलं!

"रुको सर. मॅडम आपको सबसे ज्यादा क्या बोलती थी?"

सर हसले. "एकच वाक्य. चाळीस वर्षं. 'अहो, दिवा बंद करा!'"

सलीमभाईने तेच इंग्रजी अक्षरांत सलग टाईप केलं. राउटर बंद होऊन पुन्हा चालू झाला. आम्ही वाट पाहत बसलो.

मग घड्याळात दोनचे टोले पडले आणि वाचायच्या खोलीतला, सकाळपासून तसाच चालू राहिलेला दिवा आपोआप विझला.

सर खुर्चीतून अर्धवट उठले. स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले,

"हो गं, विसरलो!"