नमो मारियाचा पहिला अर्धा

त्या संध्याकाळी आमच्या सावेडीच्या घरात हॉल भरून माणसं गुडघ्यावर होती, टेबलावर मारियामातेची मूर्ती होती, मेणबत्त्या लागल्या होत्या, आणि मी घसा खाकरून, जरा जास्तच भारदस्त आवाजात, जपमाळ उलटीकडून सुरू केली.

आमची रीत ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. 'नमो मारिया' ही प्रार्थना आम्ही दोन भागांत म्हणतो. पुढं बसलेलं माणूस पहिला अर्धा म्हणतं. त्यात मारियेला वंदन असतं, तिची आणि तिच्या पोटी आलेल्या येशूची थोरवी असते. बाकीचे सगळे दुसरा अर्धा म्हणतात. त्यात विनंती असते, की आम्हा पापी माणसांसाठी देवाकडं शब्द टाक, आत्ता आणि मरतेवेळीसुद्धा. मग पुन्हा पहिला, पुन्हा दुसरा, आणि हातातले मणी सरकत राहतात. ऑक्टोबरात मूर्ती रोज एकेका घरी मुक्कामाला येते आणि त्या घरचं माणूस पुढं बसतं.

आमच्या घरी पुढं बसायची ती बायको. लग्न होऊन आली तेव्हापासून. त्याआधी आई. मी जन्मभर दुसऱ्या अर्ध्यातला. ऑफिसातही माझं तेच, वरून आलेल्या फायलीवर 'सहमत' लिहायचं आणि पुढं सरकवायची. पहिला अर्धा इतकी वर्षं कानावरून गेला होता, की तो आपल्याला येतो अशी माझी ठाम समजूत होती. तोंड उघडल्यावर मात्र जिभेला सवयीचाच रस्ता सापडला. मी थेट विनंतीलाच हात घातला.

सगळे माझ्याकडं बघतायत. त्यांचा भाग मीच म्हणून टाकलेला, आता त्यांनी काय म्हणायचं?

कोपऱ्यात खुर्चीवर आई बसली होती. राहुरीकडच्या आमच्या गावाहून मुद्दाम आलेली. तिनं डोळेसुद्धा उघडले नाहीत. शांतपणे पहिला अर्धा म्हणून मोकळी झाली. मग बाकीचेही तिच्या मागोमाग. मला वाटलं पुढच्या मण्याला गाडी रुळावर येईल, पण एकदा चुकलेला माणूस धीटही होतो. ते अख्खं रहस्य, म्हणजे दहा मण्यांचा एक टप्पा, आम्ही आधी मागितलं आणि मग वंदन केलं.

बायको तोंडात पदर कोंबून स्वयंपाकघरात पळाली. तिला हसायलाही मनाई होती.

मुळात हा प्रसंग तिच्या घशामुळंच आलेला. ती बालवाडीत शिकवते आणि रविवारी मिस्साच्या वेळी चर्चमध्ये गाते. गाते म्हणजे, फादर मागं वळून बघतात, आज ती आलीय ना, आणि मगच सुरुवात करतात. उन्हाळ्यापासून तिचा आवाज फाटायला लागला होता. स्वरतंतूवर गाठ निघाली. छोटं ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली, देवाची कृपा. पण डॉक्टर म्हणाले, "आवाज येईल. पूर्वीसारखाच येईल असं मात्र सांगत नाही. तोवर पूर्ण मौन. कुजबुजसुद्धा नको."

जपमाळ संपल्यावर चहा-चिवडा झाला. चर्चमध्ये वर्गणी गोळा करणारे एक काका आमच्याकडं दरवर्षी येतात, बोलण्यात कुणाला ऐकत नाहीत. ते कपात बिस्कीट बुडवत म्हणाले, "आज वर गोंधळ उडाला असणार. अर्ज आधी पोचला, नमस्कार मागून."

आई म्हणाली, "आवो, देवाच्या आईला काय कळत न्हाई व्हय? लेकराची आई हाय ती. लेकरू आदी मागतंय, मग गळ्यात पडतंय."

बायकोनं आईपुढं हात जोडले आणि माझ्याकडं बोट दाखवून कपाळाला हात लावला. मौनात असलेली बायको इतकं बोलू शकते, हे मला तोवर माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मूर्ती पुढच्या घरी पोचवायची होती. स्कूटरवर मागं बायको, तिच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली मारियामाता. मी इतकी हळू गाडी चालवली, की एक रिक्षावाला शेजारून जाताना म्हणाला, "काका, ढकलू का?" एरवी बायकोनं त्याला दोन शब्द सुनावले असते. मागून आवाज आला नाही आणि मला एकदम पोकळ वाटलं.

खरं तर घरच पोकळ झालं होतं. कुकरची शिट्टी, आईचं खोकणं, टीव्ही, सगळं होतं. पण सकाळी भांडी लावताना बायको जे गुणगुणायची, ते नव्हतं. ते मी रोज ऐकतोय हेच मला ठाऊक नव्हतं. खालच्या मजल्यावरच्या भाभी ज्येष्ठमधाची डबी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या घरातनं सकाळी गाणं येत नाही, तर आमचा चहा बेचव लागतो. आमच्या नमाजमध्ये मी मागतेय हां वहिनींसाठी." मी आभार मानले आणि त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेलो.

एका पहाटे पाणी प्यायला उठलो, तर ती ओट्याजवळ उभी. ओठ हलतायत, एक तळहात गळ्यावर. आवाज नव्हताच, ती फक्त चाल आठवत होती. ख्रिस्तजयंतीचं गाणं असावं, कारण एका ठिकाणी तिनं मान उंच केली, तिथं सूर वर जातो. वर गेली आणि डोळे मिटून घेतले. मी पाणी न पिताच परत येऊन पडलो. तिला भीती वाटतेय हे मला तेव्हा कळलं.

मग मी मागायला लागलो. मागण्यात आपला हात कोण धरणार? ऑफिसला जाताना, सिग्नलला, फायलींच्या मधे: तिचा आवाज दे, होता तसा दे. बदल्यात काय काय सोडीन याचीही बोली लावली. तंबाखू मी खात नाही, त्यामुळं सोडायला फारसं काही सापडेना. शेवटी दुपारचा दुसरा चहा सोडला. देवानं तो घेतला की नाही, कुणास ठाऊक, माझं डोकं मात्र दुखायला लागलं.

संध्याकाळची जपमाळ आता रोज माझ्याकडं आली होती. आई शिकवायची. "पयला अर्धा म्हन. सावकाश म्हन, बस सुटत न्हाई." म्हणता म्हणता एक गोष्ट लक्षात आली आणि माझी मलाच गंमत वाटली. या पहिल्या अर्ध्यात मागणं काहीच नाही. नुसतं वंदन. तू धन्य, तुझ्या पोटचा येशू धन्य, बस. पन्नाशी ओलांडलेला मी, आणि काहीही न मागता देवापुढं नुसता उभा राहिलो असा हा पहिलाच प्रसंग. आधी फार अवघडल्यासारखं झालं, पाहुण्याकडं रिकाम्या हातानं गेल्यासारखं. मग सवय झाली. समोर बायको मणी सरकवत बसलेली, शेजारी आई डुलक्या घेत उत्तर देतेय. म्हटलं, आत्ता, या मिनिटाला, हे सगळं आहेच की. ऑपरेशन नीट झालं, गाठ साधी निघाली. मी त्याबद्दल 'थँक्यू' म्हणायच्या आधीच पुढचा अर्ज टाकला होता. त्या दिवशी माळ संपल्यावर मी नुसताच बसून राहिलो. आईला वाटलं पायाला मुंग्या आल्या.

तपासणीच्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "आ म्हणा."

ती म्हणाली. आवाज आला. स्वच्छ, न फाटलेला. पण तो जाड होता, खालचा, अनोळखी. डॉक्टर खूश झाले. "उत्तम. शाळेत बिनधास्त शिकवा. वरचे सूर मात्र ओढू नका. ते आता येतील असं वाटत नाही."

रिक्षात ती बाहेर बघत होती. मी सांत्वनाची दोन वाक्यं मनात जुळवली आणि सुदैवानं ती तोंडातून निघाली नाहीत.

घरी आल्यावर तिनं आईला "आत्या" म्हणून हाक मारली. आईनं तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "लई ग्वाड हाय गं. माझ्या आईचा आवाज असाच हुता, जाडसर. लांबवर जायाचा."

संध्याकाळी मी जपमाळ तिच्यापुढं धरली. "घे. तुझी जागा."

तिनं मान हलवली आणि आईशेजारी जाऊन बसली. मी पहिला अर्धा म्हटला. उत्तर त्या नव्या, खालच्या आवाजात आलं, आणि मी ऐकतच राहिलो. पुढचा मणी सरकवायचा विसरलो. आईनं काठी आपटली तेव्हा भानावर आलो. मागायला आता काही सुचत नव्हतं, आणि गरजही वाटत नव्हती.

माळ डबीत ठेवताना बायको म्हणाली, "उद्या रविवार. मी गाणार आहे. वरून नाही जमलं तर खालून गाईन. तुम्ही फक्त माझ्या शेजारी उभं राहून गाऊ नका."