तळवे दाखवा

मंगळवारी दुपारी चार वाजता डॉक्टरांनी दादाचा उजवा मोजा कात्रीने कापून काढला. तळव्यावर फोड होता. शनिवारी दादा गेला.

त्याला आज सात आठवडे झाले. दादा म्हणजे माझे मोठे बंधू दत्तात्रय. देवळाली प्रवरेत बहुतेक लोक त्यांना नुसतं 'सर' म्हणत. शाळेत पी.टी. शिकवून ते निवृत्त झाले आणि दुसऱ्याच महिन्यापासून पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलींना सकाळी पळायला शिकवू लागले. माझी नोकरी कॉलेजच्या ग्रंथालयात झाली. वहिनी गेल्यापासून घरात आम्ही दोघंच होतो. सकाळचा बिनसाखरेचा चहा, दोघांच्या शुगरच्या गोळ्या आणि एक वर्तमानपत्र वाटून वाचणं, एवढा आमचा संसार. भेटायला येणारा प्रत्येक माणूस जाताना दारात थांबतो आणि एकच विचारतो, "फोडानं माणूस जातं व्हय?" मी मान हलवते. हो म्हणून हलवते की नाही म्हणून, ते मलाच कळत नाही.

पायाचे फोड हा दादाचाच विषय होता, हे आधी सांगायला हवं. भरतीची तयारी करून घेणारे इतर लोक हातातल्या घड्याळाकडे बघतात; दादा पायांकडे बघायचा. एक दिवस पळायला दम लागतो, पण रोज पळायला कातडी शाबूत लागते, असं त्याचं म्हणणं. बूट संध्याकाळी विकत घ्यायचे, कारण दिवसभरात पाय सुजतो. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा मोकळी हवी. सुती मोजे चांगले असं सगळ्यांना वाटतं, पण ते घाम पितात आणि ओलेच राहतात. त्यापेक्षा खेळाचे पातळ मोजे घ्यावेत, आणि शिवण टोचत असेल तर सरळ उलटे घालावेत. टाचेला, बोटांच्या बेचक्यांत खोबरेल तेलाचं बोट फिरवावं. पळताना पायात कुठेही गरम लागायला लागलं, की फेरी अर्धी असली तरी तिथंच थांबायचं, बूट काढायचा, त्या जागेवर चिकटपट्टी लावायची. फोड यायच्या आधी पाय असा निरोप धाडतो, आणि तो ऐकला नाही तर... इथं दादा मुद्दाम वाक्य सोडून द्यायचा आणि मुली आपापल्या पायांकडे बघायच्या.

सगळ्यांत कडक नियम नव्या बुटांचा. आठ दिवस घरात घालून वावरल्याशिवाय नवा बूट मैदानात आणायचा नाही. पण आपल्याकडे घरात बूट कोण घालू देतं? त्यावर दादाने तोडगा काढला होता: नवे बूट गोठ्यात घालायचे. शेण काढायचं, वैरण टाकायची, तेवढ्यात बूट पायाशी जुळतो. कोमल नावाची एक मुलगी होती, पाथर्डीकडची. आईवडील ऊसतोडीला जाणारे, ही इथे मावशीकडे राहून तयारी करायची. ती कमरेवर हात ठेवून मावशीची नक्कल करून दाखवायची. "मावशी म्हनती, बया बया, म्हशीला बघायला पावनं येनार हायत का? बूट घालून शेन काढतीस ती!" मुली हसून खाली बसायच्या, आणि सगळ्यांत मोठ्याने दादा हसायचा.

पळणं संपलं की तो शिट्टी वाजवायचा आणि म्हणायचा, "तळवे दाखवा." मुली मैदानाच्या कडेला, पाटाच्या भरावाला टेकून एका ओळीत पाय पसरून बसत, आणि प्रत्येक मुलगी शेजारणीचा तळवा हातात घेऊन बघे. नवी मुलगी पहिल्या दिवशी पाय आखडूनच घेई. कुणाकडे तळवे करून बसू नये, हे लहानपणापासून कानावर पडलेलं असतं. दादा म्हणायचा, "इथं कुणी मोठं न्हाई. फोड लपवला तर उद्यापासून घरी." तो स्वतः मात्र त्या ओळीत कधी बसला नाही. सरांनी मुलींसमोर पाय कसे पसरायचे? कोमलने एकदा विचारलंच. "सर, तुमचं तळवं कोन बघतं?"

"माझं? अगं, गेंड्याची कातडी हाय ती. तिला काय धाड भरलीय?"

सगळ्या हसल्या. मी भरावावर पुस्तक घेऊन बसले होते. मीही हसले.

आता ते हसणं आठवलं की मला भीती वाटते. कारण त्याच्या थोडेच दिवस आधी दादा गिरणीतून दळण घेऊन आला होता, एकाच पायात चप्पल घालून. उजव्या पायातली कुठे निसटली, त्याला पत्ता नव्हता. रस्त्यावर त्या वेळी खडी टाकलेली होती. "नंदे, तुझा भाऊ म्हातारा झाला बघ," असं म्हणत तो उलट्या पावली गेला आणि चप्पल शोधून घेऊन आला. आम्ही दोघांनी त्यावर हसत चहा घेतला. मी आयुष्यभर पुस्तकं लावली, दिली, परत घेतली. शुगर असलेल्या माणसाच्या पायाची जाणीव हळूहळू जाते, हे मी एकदा नाही, चार-पाच पुस्तकांत वाचलेलं होतं. वाचलेलं ते वाक्य आणि दारात एका चप्पलेवर उभा असलेला माझा भाऊ, यांचा सांधा माझ्या डोक्यात जुळला नाही.

मग तो सत्काराचा रविवार आला. चार मुलींची पोलिसात निवड झाली होती, कोमल त्यांतली एक. मैदानावर सतरंजी टाकली, नारळ झाला, शाल झाली. शेवटी चौघींनी मिळून नगरहून आणलेला खोका पुढे केला. आत निळे बूट. दादाच्या जुन्या बुटाच्या तळाचा नंबर त्यांनी गुपचूप पाहून ठेवला होता. बावीस मुली होत्या, एकेक करून साऱ्या त्याच्या पाया पडल्या. बावीस जणींनी त्या पावलांना हात लावला... वरून.

"सर, घालून दाखवा की!" कुणीतरी ओरडलं. आहेर घडीसकट बाजूला ठेवला तर देणाऱ्याचं तोंड उतरतं, ही आपली रीत. दादा म्हणाला, "आठ दिवस गोठ्यात, मग मैदानात. नियम म्हंजे नियम."

"तुमच्याकडं कुठं म्हस हाय, सर?" कोमल म्हणाली. हशा झाला. मग ती जरा हळू आवाजात म्हणाली, "पुढल्या महिन्यात आमी ट्रेनिंगला जानार. मग आमाला तुमी ह्या बुटात पळताना कवा दिसनार?"

दादाने माझ्याकडे पाहिलं. त्याचे सगळे नियम पाठ असलेली आणि त्याला 'नको' म्हणू शकणारी तिथे मी एकटी होते. मला वाटलं, मुलींचा दिवस आहे, कशाला मोडता घालायचा... मी मान डोलावली. दादाने नेहमीचे मोजे चढवले, नवे बूट घातले, लेस दोनदा बांधली आणि मुलींच्या पुढे राहून पाच फेऱ्या मारल्या. मी त्याच्या पावलांकडे सारखी बघत होते. तो जराही लंगडला नाही, आणि ते बघून मी निश्चिंत झाले.

दादा आपले मोजे आपणच धुवायचा. त्या दिवशी तो दमून लवकर आडवा झाला, म्हणून मी ते बादलीत घेतले. उजव्या मोज्याच्या चवड्यावर तांबूस डाग होता. मैदान मुरमाचं. मी साबण लावला, ब्रशने घासला, डाग गेला. मोजे दोरीवर वाळत घातले.

गुरुवारपासून घरात वास यायला लागला. मला वाटलं, पुस्तकांच्या कपाटामागे उंदीर मेला. शनिवारी मी कपाट रिकामं करायला घेतलं. दादा खुर्चीत बसून माझ्या हातातली पुस्तकं घेऊन जमिनीवर थप्पी लावत होता. थंडीचे दिवस, पायात मोजे होते. "तुझ्या ग्रंथांनाच वास मारत आसंल, कवापासून हवा न्हाई त्यांना," असं म्हणून त्याने माझी थट्टा केली. कपाट पुढे ओढलं, बॅटरी घेऊन मागे पाहिलं. उंदीर नव्हता. मी फिनेल टाकून पुसून घेतलं आणि सगळी पुस्तकं पुन्हा विषयवार लावली. दोन तास मी त्या वासाचा माग काढत होते, आणि वास माझ्यापासून हातभर अंतरावर बसून मला पुस्तकं देत होता.

सोमवारी त्याला हुडहुडी भरून ताप आला. मंगळवारी आम्ही दवाखान्यात गेलो. मोजा तळव्याला चिकटला होता. कापून काढल्यावर डॉक्टरांनी फोडाच्या कडेला अंगठ्याने दाबलं आणि विचारलं, "दुखतंय का सर?"

"अजिबात न्हाई," दादा म्हणाला. परीक्षेत बरोबर उत्तर दिल्यासारखा त्याचा आवाज होता. डॉक्टरांनी अंगठा उचलला आणि नर्सकडे पाहिलं. दादाने आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं, आणि मला त्याच्या डोळ्यांत पहिल्यांदा भीती दिसली. इतक्या वर्षांत मुलींना तो जो निरोप ऐकायला शिकवत होता, तो आपल्याकडे आलाच नाही, हे त्याला त्या क्षणी कळलं असावं. बुधवारी पाय कापायचं ठरलं. तोवर विष रक्तात गेलं होतं.

तेराव्यानंतर एका दुपारी कोमल आली. दारातच बसली, आत येईना. "आत्या, बूट आमी दिलं," एवढंच म्हणाली. बुटांचा दोष नाही, असं म्हणणं सोपं होतं, पण ती पोर रडत नव्हती, घाबरलेली होती, आणि घाबरलेल्या माणसाला समजुतीचं बोलणं ऐकू येत नाही. मी म्हटलं, "मोजे मी धुतले, कोमल. डाग होता. मी तो घासून काढला." मग तिने विचारलं, "आत्या, तुमालाबी शुगर हाय ना?"

"आहे."

"तळवं दावा."

मी पाय मागे घेतले. म्हटलं, अगं, काहीतरीच काय, वयाने केवढी मोठी मी. तिने ऐकलं नाही. उंबऱ्यापाशी बसून तिने माझा पाय मांडीवर घेतला, उजेडाकडे वळवून पाहिला, बोटांच्या मधे पाहिलं. "फोड न्हाई," ती म्हणाली. मला बरं वाटलं. "आता डोळं मिटा. बोट लावलं की सांगायचं."

मी डोळे मिटले. टाचेला लागलं, सांगितलं. करंगळीला लागलं, सांगितलं. मग बराच वेळ काहीच नाही. बाहेरून ट्रॅक्टर गेला. मी म्हटलं, "लाव ना."

"लावलंय की, आत्या."

मी डोळे उघडले. तिचं बोट माझ्या उजव्या अंगठ्याखाली, चवड्यावर टेकलेलं होतं...

कोमल आता ट्रेनिंगला गेली. मैदान बंद पडलेलं नाही. जुन्या मुलींपैकी एक शिट्टी वाजवते. पळणं संपायच्या सुमाराला मी पायात मोजे-बूट घालून भरावापर्यंत चालत जाते आणि ओळीच्या टोकाला पाय पसरून बसते. पहिल्या दिवशी लाजेने नव्हे, भीतीने मी पाय आखडून घेतले. आजही आधी आखडतात. शेजारची मुलगी मोजा उतरवून काय म्हणते, ते ऐकू येईपर्यंत मी पाटाच्या पाण्याकडे बघते. घरी परत आल्यावर दादाचा दाढीचा आरसा जमिनीवर ठेवते आणि तळवा त्यावर धरून पुन्हा स्वतः बघते. मुलीने पाहिलं असलं तरी बघते.

निळे बूट धुऊन खोक्यात ठेवले आहेत. आरसा पलंगाखाली असतो. माझ्या डाव्या पायाला स्पर्श कळतो. उजव्या पायाच्या अंगठ्याला आणि त्याखालच्या चवड्याला कळत नाही.