शैलाचा जिल्हा

किस्से तुरीच्या वाळक्या तुराट्यांसारखे असतात. मुद्दाम कुणी साठवत नाही, पण एक दिवस पाहावं तर घरामागं ढीग! कर्नाटकाच्या सीमेवरच्या आमच्या मादन हिप्परग्यात बसवंतअण्णाच्या खताच्या दुकानापुढं एक बाक होता. संध्याकाळी तिथं अण्णा, भूगोल शिकवून रिटायर झालेले कांबळे गुरुजी आणि मी. विषय एकच, सैबेरिया! कारण अण्णाची लेक शैला तिकडं डॉक्टरकी शिकली आणि तिकडच्याच एका आडबाजूच्या जिल्ह्यात सरकारी दवाखान्यात लागली. जिल्ह्याचं नाव आमच्या जिभेला पेलेना. आम्ही म्हणायचो, शैलाचा जिल्हा.

*

गुरुजींनी नकाशावर वीत ठेवली. "अण्णा, अर्धं कर्नाटक मावंल एवढा जिल्हा. आन माणसं आपल्या गावाएवढी!"

अण्णाला पटेना. मग शैलानं व्हिडिओ कॉलवर गल्ली दाखवली. पांढरीफेक, चिटपाखरू नाही. येळवसेला, म्हणजे वेळ अमावास्येच्या सणाला, आमचं गाव असंच असतं. सगळे शेतात जेवायला, गल्लीत कुत्रंसुद्धा उरत नाही.

"कळलं!" अण्णा म्हणाला. "त्यांच्यात वर्षभर येळवस!"

*

हिवाळ्यात तिथं गोठलेली नदी हाच रस्ता. उन्हाळ्यात त्याच नदीत बोटी. मधल्या दिवसांत बर्फ गाडी पेलत नाही आणि बोटही चालत नाही. मग फक्त हेलिकॉप्टर.

गुरुजी म्हणाले, "आपल्या रस्त्याला बारा महिने मधलेच दिवस हायत की. हेलिकॉप्टर तेवढं येईना!"

*

निवडणुकीला मतपेटी हेलिकॉप्टरनं रेनडिअर पाळणाऱ्यांच्या तंबूपर्यंत जाते, हे ऐकून अण्णा चिडलाच. "पेटी माणसाकडं जायलीय? हितं मी जमिनीच्या उताऱ्याला गेलो तर सायेब न्हाई. सायेब आला तर सर्व्हर न्हाई!"

*

एकदा त्या जिल्ह्याचा प्रमुखच इंजेक्शन घ्यायला आला. शैलानं फोन त्याच्यापुढं धरला. गुरुजींनी विचारलं, "सायेब, तुमची मोठी अडचण कोणती?"

आम्हाला वाटलं, थंडी म्हणेल. शैलानं त्याचं उत्तर दबक्या आवाजात मराठीत सांगितलं, "म्हणायलेत, पोरं शिकायला जातात, परत येत न्हाईत."

अण्णानं फोन जवळ ओढला. मग म्हणाला, "त्यांना सांग, आमची एक तुमच्याकडंच हाय."

*

आता गुरुजी गुलबर्ग्याला मुलाकडं राहतात. बाकावर पोती असतात. पण यंदा येळवसेला ते आले, कारण शैला येणार होती. अण्णा दिवाळीपासून गावभर सांगत होता. चार दिवस तिचा फोन लागेना, म्हणजे निघाली असणार, असं आम्ही धरलं. शेतात पूजेसाठी कडब्याची कोप, म्हणजे छोटं खोपटं, उभं राहिलं. शेंगाभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबिलीचं मडकं आलं. शैलाचं ताटही वाढलं.

तेवढ्यात फोन वाजला.

"अप्पा, मी हितंच हाय. चार दिवस वादळानं फोनबी बंद आन नदीवरचा रस्ताबी. मग आलेल्या हेलिकॉप्टरात एकच जागा होती. एक बाई अडली होती, तिला शहरात धाडलं."

कुणी घास उचलेना. अण्णानं त्या ताटाकडं पाहिलं.

"सुटली का ती?"

"व्हय अप्पा. पोरगी झाली."

"मग त्या बाळंतिणीला सांग, तुझी जागा तिनं घेतली, आता हे ताटबी तिचंच. पोर चालायला लागली की दोघींनी जेवायला यावं." अण्णानं ताटावर दुसरं ताट झाकलं. "वाट ठाऊक न्हाई त्यांना. तवा तूबी संगं ये!"