पिपाणी आणि नगारा

डबिंगवाल्याचा आवाज असा भरदार की नुसतं “पाणी दे” म्हणाला तरी बायकोला वाटावं, घरावर दरोडा पडतोय. हिरो दिसायला राजबिंडा, पण तोंड उघडलं की पिपाणी. म्हणून वर्षानुवर्षं पडद्यावर ओठ हिरोचे हलत होते आणि आवाज याचा निघत होता. स्टुडिओतल्या काचेच्या खोलीत हा हिरोच्या ओठांवर डोळे रोखून उभा राहायचा. ओठ हलले की याचे शब्द पडलेच. अट एकच, कुठे वाच्यता करायची नाही. हाही मूग गिळून बसला.

मग बहिणीने चपलांचं दुकान काढलं. “दादा, जाहिरातीत तूच बोल ना!” दादा बोलला, तिने ती ऑनलाइन टाकली आणि हिरोकडून तिला थेट कोर्टाची नोटीसच आली. एआयचं मशीन वापरून हिरोचा आवाज चोरला, तोतयेगिरी केली. हा आवाज यापुढे कुणीही वापरायचा नाही, अशी मागणी.

“अहो, मग आता घरात खुणांनी बोलणार का?” बायको भडकली.

त्याने हिरोच्या मॅनेजरला फोन लावला. “अहो, ती मशीन नाही, मी आहे!”

“ते कळलं रे. पण तोंड उघडलंस तर काम बंद. आणि हो, उद्या ये. कोर्टात द्यायला साहेबांच्या खऱ्या आवाजाचा नमुना हवाय.”

निर्लज्जपणालाही काही सीमा असते. आणि हा भला माणूस गेलाही! घरी येऊन मात्र जेवला नाही. स्वतःचं म्हणावं असं त्याच्याजवळ एवढंच होतं, तेही आपल्याच तोंडाने देऊन आला होता.

कोर्टात बहीण रडवेली उभी होती. हा मागच्या बाकावर. जाहिरात वाजली, नमुना वाजला. “ऐका, हुबेहूब चोरी!” हिरोचा वकील गरजला. बिचाऱ्याला कुणी काहीच सांगितलं नव्हतं.

“नमुन्यातला आवाज तुमचाच?” न्यायाधीशांनी हिरोला विचारलं. त्याने ऐटीत मान डोलावली.

“मान नको. तोंडाने सांगा.”

हिरोला घाम फुटला. पिपाणी वाजवावी की नाही या विचारात त्याचे ओठ नुसते हलले. आणि मागच्या बाकावरून, हाडीमाशी खिळलेल्या सवयीने, आवाज आला, “हो, माझाच.”

सगळं कोर्ट मागे वळलं. त्याने दचकून तोंडावर हात धरला. बहिणीकडे पाहिलं. मग हात खाली घेतला, उठून उभा राहिला आणि हिरोच्या ओठांकडे न बघता पुन्हा म्हणाला, “माझाच.”